हवामान बदलाच्या तयारीसाठी नागपूरने पैसा मागायचा, तर नेमका कशासाठी आणि कुणाकडे?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी शिरलं. असं काही झालं की पाठोपाठ दुरुस्तीची अंदाजपत्रकं येतात: संरक्षक भिंत, रस्ता, पूल, गाळ उपसा. ती लागतातच. पण तेवढाच पाऊस पुन्हा पडला तर पाणी कुठून कुठे जाईल, आणि 2050 मध्ये त्याहून जोराचा पडला तर काय होईल, याचं उत्तर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कधीच नसतं. ते शोधणं हे स्वतंत्र काम आहे. त्याला पैसाही स्वतंत्र लागतो आणि तो मागायची खिडकीही वेगळी असते.

गोंधळ नेमका इथेच होतो. शहराने 'हवामान बदलासाठी निधी' मागितला अशी बातमी आली की लोकांना वाटतं, आता नाले रुंद होणार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मागितलेला असतो तो नियोजनाचा पैसा. त्यातून नकाशे निघतात, पाण्याची संगणकीय प्रतिकृती बनते, वस्तीवार धोक्याचा अभ्यास होतो आणि चार-सहा कामांचे सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तयार होतात. ही रक्कम काही कोटींतली असते आणि ती बहुधा अनुदान किंवा तांत्रिक मदत म्हणून मिळते. बांधकामाचा पैसा शेकडो कोटींचा असतो. त्यात कर्ज असतं आणि शहराचा स्वतःचा वाटा असतो. नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पच घ्या. मंजूर खर्च सुमारे 1,927 कोटी, त्याला जपानच्या जायका संस्थेचं कर्ज, आणि महापालिकेच्या अंगावर येणारा वाटा 300 कोटींच्या आसपास. (हा प्रकल्प सांडपाण्याचा आहे, पुराचा नाही. मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं झाली म्हणून अंबाझरीचा सांडवा मोठा होत नाही. हे दोन विषय सभांमध्ये सर्रास एकत्र केले जातात.)

आधी डीपीआर नसेल तर बांधकामाच्या खिडकीवर उभंच राहता येत नाही, आणि डीपीआर करायला पैसा नसतो. नियोजनाचा निधी असतो तो ही कोंडी फोडायला.

नियोजनात नेमकं काय करायचं असतं

पुरापासून सुरुवात करू. नागपूरसाठी सर्वांत किचकट विषय तोच.

पावसाळी नाली किती मोठी हवी, याचं साधं सूत्र आहे: वाहाव गुणांक × पावसाची तीव्रता × क्षेत्र ÷ 360. तीव्रता ताशी मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घातलं की उत्तर घनमीटर प्रति सेकंद येतं. 100 हेक्टरचा एक पट्टा घ्या. निम्मी जमीन मोकळी होती तेव्हा वाहाव गुणांक (पडलेल्या पावसातला न मुरता वाहून जाणारा हिस्सा) 0.4 आणि धरलेली तीव्रता ताशी 25 मिलिमीटर. उत्तर 2.8 घनमीटर प्रति सेकंद. आता त्याच पट्ट्यात अंगणात पेव्हर, रस्त्याला सिमेंट, प्लॉटच्या कडेपर्यंत बांधकाम. गुणांक 0.8 झाला. पाऊस तेवढाच ठेवला तरी 5.6. आणि तीव्रता ताशी 40 धरली तर 8.9. म्हणजे नालीवरचा भार तिपटीहून जास्त झाला, आणि त्यातला दुपटीचा हिस्सा एकट्या काँक्रीटने घडवला. आभाळाचा वाटा नंतर येतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पैसे मागताना तो कामी येतो.

पुराच्या अभ्यासाला लागणारे दोन आकडे नागपुरात नीट हाती लागत नाहीत. पहिला म्हणजे सूत्रातली पावसाची तीव्रता. '24 तासांत इतका पाऊस' या नोंदीवरून ती कळत नाही. दिवसभर झिरपत पडलेले 100 मिलिमीटर शहर पचवतं, चार तासांत पडलेले पचवत नाही. त्यासाठी 15 मिनिटांच्या नोंदी हव्यात, आणि त्याही एकट्या सोनेगावच्या हवामान केंद्राच्या नव्हे तर सगळ्या झोनमधल्या. महापालिकेचे झोन दहा आहेत, हद्द सुमारे 227 चौरस किलोमीटर. एका टोकाला कोसळत असताना दुसऱ्या टोकाला ऊन असतं, हे कुठलाही नागपूरकर सांगेल.

दुसरा आकडा जमिनीच्या उंचीचा. उपग्रहावरून फुकट मिळणारे 30 मीटरचे उंचीचे नकाशे वापरून पुराचा अभ्यास केल्याचे अहवाल दिसतात. त्या नकाशांत उंचीची चूक काही मीटरपर्यंत जाते. घरात पाणी शिरणार की ओट्याला लागून परतणार, हे वीस-तीस सेंटिमीटरवर ठरतं. म्हणून ड्रोन किंवा लायडार (लेसरने उंची मोजणारं) सर्वेक्षण लागतं, आणि नदी-नाल्यांचे दर 25 ते 50 मीटरवर आडवे छेद घ्यावे लागतात. प्रत्येक पूल आणि मोरी मोजावी लागते, कारण पाणी तुंबतं ते तिथेच. इथे एक स्थानिक अडचण आहे. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनानगर यांमुळे शहराच्या मोठ्या भागात ड्रोन उडवायला परवानगी लागते. अर्जात या परवानगीसाठी वेळ धरला नाही तर पहिला हप्ता येतो, ड्रोनही येतात, आणि काम तिथेच थांबतं.

भूगोलही सरसकट एक नाही. पश्चिमेकडे बेसाल्ट आणि काळी चिकण माती, पूर्वेकडे वेगळे, जुने खडक. ओली झालेली काळी माती पाणी फार कमी मुरू देते. त्यामुळे 'शोषखड्डे करा' हा उपाय पुण्या-मुंबईच्या अहवालातून उचलून इथे चिकटवला की फसतो. कुठे मुरेल आणि कुठे नुसतं साठवून सावकाश सोडावं लागेल, हे माती आणि खडक पाहूनच ठरवावं लागतं.

मग हद्दीचा प्रश्न. नाग नदीचा उगम लाव्हा-वाडीकडच्या टेकड्यांत. अंबाझरीत येणाऱ्या पाण्याचं पाणलोट क्षेत्र बरंचसं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. वाडीची नगर परिषद वेगळी, भोवतालचं नियोजन नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. वर काँक्रीट वाढलं की त्याचा हिशेब खाली चुकता होतो. म्हणून योजनेची सीमा पाणलोटाची धरायची, मतदारसंघाची किंवा झोनची नाही. वरच्या संस्थांचं संमतिपत्र अर्जालाच जोडायचं. ते नंतर मिळवू म्हटलं की मिळत नाही.

या सगळ्याचा शेवट पूररेषांवर होतो. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जुन्या पावसाच्या आकडेवारीवर उभ्या असतात. पाऊस बदलला, नदीपात्र आक्रसलं, तर रेषाही सरकतात. नवी रेषा काढणं हे तांत्रिक काम; ती प्रसिद्ध करणं हे राजकीय काम, कारण तिच्या आत कुणाचा तरी प्लॉट येतो. नियोजनाच्या निधीतून निघालेला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच असतो आणि कपाटात जाऊन बसण्याची भीतीही त्यालाच सर्वांत जास्त.

उष्णतेचं काम त्या मानाने स्वस्त आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस नोंदले गेले. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान 40 किंवा त्याहून जास्त असून सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं, किंवा थेट 45 ला पोचलं, की उष्णतेची लाट. पण माणसं त्या आधीच आजारी पडू लागतात, विशेषतः रात्रीही घर निवत नसेल तेव्हा. म्हणून प्रत्येक शहराने आपला उंबरठा स्वतः शोधायचा असतो: रोजचं कमाल-किमान तापमान एका रकान्यात, रोजच्या मृत्यूंची नोंद दुसऱ्यात, किमान दहा वर्षांची. अहमदाबादने 2010 च्या मे महिन्यातल्या लाटेनंतर असा हिशेब मांडला, तेव्हा 1,344 मृत्यू नेहमीपेक्षा जास्त निघाले. त्यावरूनच 2013 मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आला. नागपूरचाही आराखडा आहे. त्याला धार आणायची तर मृत्यू नोंदणीचा विदा, म्हणजे डेटा, लागेल. तो महापालिकेच्या स्वतःच्याच विभागात असतो, बाहेरून विकत आणायचा नसतो.

तापमापक कुठे आणि कसा बसवला यावर किती अवलंबून असतं, हे मे 2024 च्या अखेरीस दिसलं. रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान विभागाने सांगितलं की संवेदकात बिघाड होता. नियोजनाच्या अंदाजपत्रकात यंत्रं खरेदीची ओळ सगळे घालतात. ती तपासण्याची, वर्षातून एकदा प्रमाणित करण्याची आणि बिघडलं तर बदलण्याची ओळ फार थोडे घालतात.

पाण्याबद्दल थोडक्यात. शहर पेंच आणि कन्हानवर जगतं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं आणि 2019 च्या जुलैमध्ये नागपुरात दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. उन्हाळ्यात कूलर चालतात ते पाण्यावरच, म्हणजे उष्णता वाढली की पाण्याची मागणीही वाढते. पूर, उष्णता आणि पाणी यांचे तीन वेगळे अहवाल तीन सल्लागारांकडून करून घेतले की हा दुवाच निसटतो.

पैसा आहे कुणाकडे

पहिली खिडकी आपत्ती सौम्यीकरण निधीची. 15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले: 80 टक्के प्रतिसादासाठी, 20 टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे संकट येण्याआधीच्या कामांसाठी. प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत राज्याकडे जातो. त्याच आयोगाने शहरी पुरासाठी 2,500 कोटी वेगळे ठेवले होते, पण ते सात शहरांसाठी: मुंबई, कोलकाता, चेन्नईला प्रत्येकी 500 कोटी आणि बंगळूरु, हैदराबाद, अहमदाबाद, पुण्याला प्रत्येकी 250. 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्यात 11 शहरं आली. त्यात रायपूर, भोपाळ, इंदूर आहेत, नागपूर नाही. पुढच्या टप्प्यासाठी राज्याने आपलं नाव पाठवावं असं वाटत असेल तर तयार कागद हातात असावा लागतो.

उष्णतेसाठी या खिडकीत एक जुनी अडचण आहे. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत 2021-26 च्या काळात थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्यांना 'स्थानिक आपत्ती' म्हणून प्रतिसाद निधीच्या 10 टक्क्यांपर्यंतची मोकळीक असते. विदर्भाला थंडीपेक्षा मे महिना महाग पडतो, पण यादी दिल्लीत ठरते.

दुसरी खिडकी तांत्रिक मदतीची. जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांचा शहरांसाठीचा 'गॅप फंड' 2020 पासून आहे. तो प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच मदत करतो. महापालिकेच्या खात्यात रोकड येत नाही. तज्ज्ञ येतात, अभ्यास करतात आणि त्यांचा खर्च फंड उचलतो. काही अधिकाऱ्यांना हे निधी मिळाल्यासारखं वाटत नाही. ज्या पालिकेला डीपीआर लिहायला माणूसच नाही, तिला मात्र रोकडीपेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं.

हरित हवामान निधी, म्हणजे आंतरराष्ट्रीय 'ग्रीन क्लायमेट फंड', याचं नाव नेहमी निघतं. तिथे शहर थेट अर्ज करू शकत नाही. नाबार्ड किंवा सिडबीसारखी मान्यताप्राप्त संस्था सोबत लागते, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र लागतं, आणि वेळ वर्षांत मोजावा लागतो. प्रकल्प तयार करण्यासाठी त्यांच्याकडे 15 लाख डॉलरपर्यंतची स्वतंत्र सोय आहे. एका शहराच्या एका तलावासाठी ही वाट धरू नये. विदर्भातल्या चार-पाच शहरांचा मिळून प्रस्ताव असेल तर विचार करावा.

काही दारं आपल्यासाठी बंद आहेत, ती आधीच ओळखावीत. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडचा शहरी पायाभूत सुविधा विकास निधी 10 लाखांच्या आतल्या शहरांसाठी आहे. नागपूरची लोकसंख्या 2011 मध्येच 24 लाख होती. सिटीज 2.0 या केंद्राच्या कार्यक्रमाचा भर घनकचऱ्यावर आहे, तिथे पुराचा प्रस्ताव नेऊन उपयोग नाही.

बांधकामासाठी पुढे अर्बन चॅलेंज फंड येतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला, एक लाख कोटींचा. केंद्र प्रकल्पाच्या 25 टक्क्यांपर्यंत देणार, पण किमान 50 टक्के रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभे राहिले तरच. इंदूरने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले ते सौर प्रकल्पासाठी. विजेची बचत दिसते, त्यातून परतफेड होते. पावसाळी नाल्याचं बिल कुणी भरत नाही. म्हणून पुराच्या कामांना रोख्यांचा पैसा जड जातो आणि त्यांच्यासाठी अनुदानाची खिडकी आधी ठोठवायची असते.

अर्ज लिहिताना

देणारा एक प्रश्न हमखास विचारतो: यात हवामान बदलाचा भाग किती आणि तुमच्या जुन्या हलगर्जीचा किती? तुंबलेली मोरी, बुजवलेला नाला, न काढलेला गाळ यांसाठी हवामान निधी मिळत नाही. वरच्या उदाहरणात 2.8 वरून 5.6 हे काँक्रीटमुळे, 5.6 वरून 8.9 हे पावसामुळे. अर्जात हे दोन आकडे वेगळे दाखवा. पहिल्यासाठी पालिका स्वतःच्या बजेटमधून काय करणार आहे तेही लिहा. हे लपवणारे अर्ज पहिल्या चाळणीतच बाद होतात, कारण समोरच्याने असे शेकडो वाचलेले असतात.

भाषेतला फरक पाहा. 'नागपूर शहरास हवामान बदलाचा मोठा धोका असून सर्वंकष आराखडा तयार करणे आवश्यक आहे.' हे वाक्य कुठल्याही शहराचं नाव घालून चालतं. त्याऐवजी: 'अंबाझरीपासून सीताबर्डीपर्यंत नाग नदीच्या दोन्ही काठांसाठी, 25 आणि 100 वर्षीय पावसात, आजच्या आणि 2050 च्या हवामानात, घराघरापर्यंत पाण्याची खोली दाखवणारा नकाशा 14 महिन्यांत, त्यावरून निवडलेल्या पाच कामांचे डीपीआर पुढच्या 6 महिन्यांत.' यात जागा, मोजमाप, मुदत आणि हाती येणारी वस्तू, चारही गोष्टी आहेत.

संकल्पना टिपण पाच-सहा पानांचं पुरतं. त्यासोबत महासभेचा ठराव (सभागृह अस्तित्वात नसेल तर प्रशासकांचा), नावानिशी एक समन्वय अधिकारी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि विदा देणाऱ्या संस्थांची पत्रं. या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. पर्यावरण संशोधनाची नीरी, प्रादेशिक हवामान केंद्र, उपग्रह-नकाशांचं काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, सगळं एका शहरात. अशी पत्रं गोळा करायला इतर शहरांना वर्ष जातं.

खर्चाची विभागणी कशी दिसावी, याचा नमुना म्हणून 6 कोटींची मागणी धरू. सर्वेक्षण आणि यंत्रं दीड कोटी, पुराची प्रतिकृती सव्वा कोटी, उष्णता आणि आरोग्य 75 लाख, डीपीआर दीड कोटी, वस्त्यांमधल्या बैठका 40 लाख, दोन वर्षांसाठी पालिकेत बसणारे तीन तज्ज्ञ 60 लाख. छाटणीची वेळ आली की शेवटच्या दोन ओळींवर पहिली कात्री चालते. ती चालू देऊ नये. टिनाच्या घरात दुपारी काय होतं आणि पाणी कुठल्या गल्लीतून आत येतं, हे बैठकीत कळतं, आणि पालिकेत माणूस नसेल तर सल्लागाराचा अहवाल वाचणारं कुणी उरत नाही.

पैसा मिळाल्यावर काय बिघडतं

वेळापत्रक. करार जुलैत झाला तर पर्जन्यमापक बसेपर्यंत पावसाळा संपतो, आणि एक आख्खं वर्ष विदाविना जातं. यंत्रं मे अखेर बसलेली हवीत, नाल्यांचे छेद जानेवारी ते मे दरम्यान, पात्र कोरडं असताना. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता येते आहे का, हेही पाहून ठेवावं.

निविदा. सर्वांत कमी दराला काम दिलं की दुसऱ्या शहराचा अहवाल नाव बदलून येतो. कधी कधी नावही बदललेलं नसतं. अशा कामाला गुणवत्ता आणि दर यांची 80:20 किंवा 70:30 अशी विभागणी ठेवावी, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या चमूतला जलविज्ञानाचा तज्ज्ञ बदलता येणार नाही अशी अट घालावी.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. त्यासाठी या निधीचं बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळं हवं; सामान्य निधीत मिसळलेला पैसा शोधून काढण्यात महिने जातात.

आणि मालकी. पुराची प्रतिकृती म्हणजे संगणकातल्या फाइल्स. अहवाल पीडीएफमध्ये मिळतो, प्रतिकृती सल्लागाराच्या लॅपटॉपवर राहते. दोन वर्षांनी नवा पूल झाला आणि 'आता पाणी कुठे जाईल' असं विचारायचं झालं, तर पुन्हा त्याच्याच दारात जावं लागतं, नव्या शुल्कासह. म्हणून करारातच लिहून घ्यायचं: मूळ विदा, उंचीचे नकाशे, प्रतिकृतीच्या चालू अवस्थेतल्या फाइल्स पालिकेच्या मालकीच्या, शक्यतो खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, एक प्रत सुदूर संवेदन केंद्राकडे, आणि पालिकेच्या किमान चार अभियंत्यांनी ती प्रतिकृती स्वतः चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा 20 टक्के हप्ता द्यायचा नाही. चार यासाठी, की अहवाल येईपर्यंत त्यातल्या दोघांची बदली झालेली असते.